टेलर प्लेट

ताटातल्या भाताला टेप लावून त्याचा घेर मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नरसिंगराव अण्णा. राजाजीनगरातलं भरलेलं हॉटेल, रविवारची दुपार, आणि अण्णांनी गळ्यातला टेप काढून वाफाळत्या भाताभोवती फिरवला. चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि वाढप्याला म्हणाले, "एकोणीस इंच. दोन वर्षांच्या पोराच्या टोपीचं माप हे. एवढं सगळं मी पोटात घालू?"

वाढपी गार पडला. मी पाण्याच्या पेल्यात तोंड लपवलं. भांडायला मी भीत नाही, पुण्याचा आहे. पण भांडणाला काही रीत असते की नाही? भाताचं माप घेऊन भांडायचं, हे माझ्यासाठीसुद्धा नवीन होतं.

ही नव्वद-पंचाण्णवच्या मधली गोष्ट. मला बंगलोरात इंदिरानगरच्या एका कंप्युटर कंपनीत नोकरी लागली होती, आणि खोली मिळाली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरात. कारण एकच. घरमालक मराठी होते. खाली रस्त्यावर अण्णांचं शिवणाचं दुकान, मागे अण्णा आणि सुंदराक्का, वर मी. अण्णांचे पणजोबा कधीकाळी साताऱ्याकडून इकडे आले होते म्हणे. अण्णांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड, माझ्या मराठीत दर तिसरा इंग्रजी. त्यामुळे एकमेकांना नावं ठेवायची सोय नव्हती.

"मला शुगर आहे," हे अण्णा ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. जणू काही पदवीच मिळाली आहे! "डॉक्टरांनी पांढरं सगळं बंद केलंय. भात, साखर, मैदा, बटाटा. आता मी अस्तराशिवाय जेवतो."

अस्तर म्हणजे भात, इडली, पुरी, जे जे पोट फुगवतं ते. कापड म्हणजे भाजी, डाळ, ताक, कोशिंबीर. "हॉटेलवाले आपल्याला अस्तर विकतात हो," ते म्हणत. "कापड बघायला गेलं तर स्वल्प, वाटीच्या तळाला."

घरी हा प्रश्न नव्हता. अक्का दोघांसाठी एकच स्वयंपाक करत, भाताविना, आणि तो झकास असे. मग हा माणूस दर रविवारी नव्या हॉटेलात जाऊन डोकं का फोडून घेतो? एकदा मी विचारलंच.

अण्णा काज करत होते. सुई थांबवली. म्हणाले, "लग्न झाल्यापासनं तीस वर्षं, दर रविवारी आम्ही दोघं हॉटेलात टिफिन खाल्ला. दुकान बंद, चूल बंद. आता ती येत नाही. तीन वर्षं झाली. मला असं एक हॉटेल पाहिजे, जिथं अस्तराशिवाय पोटभर मिळेल, चार लोकांसारखं ताटात मिळेल, आणि कुणी बोंब मारणार नाही. सापडलं की तिला घेऊन जाणार."

मला वाटलं, अक्का येत नाहीत ह्याचं कारण अण्णांच्या गळ्यातच लोंबकळतंय. भर हॉटेलात टेप काढणाऱ्या नवऱ्याबरोबर कोण बाई जाईल? माझी सगळी सहानुभूती अक्कांकडे होती. तरी मी अण्णांबरोबर जात राहिलो, कारण त्यांनी न खाल्लेलं सगळं अस्तर माझ्या वाट्याला यायचं. खोटं कशाला बोलू?

उभ्यानं खायच्या दर्शिनी तेव्हा गल्लोगल्ली झाल्या होत्या. तिथं गल्ल्यावर कूपन घ्यायचं, ते खिडकीत द्यायचं आणि बशी उचलायची. अण्णांनी नुसत्या कोसंबरीचं कूपन मागितलं. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगडाळ आणि काकडीची कोशिंबीर. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, असं कूपन नाही. अण्णा म्हणाले, "मग छापा." मागं सतरा माणसांची रांग. शेवटी त्यांना लोकांनीच बाजूला सारलं. बाहेर येऊन अण्णा म्हणाले, "तसंही बाद. तिचे गुडघे दुखतात, उभ्यानं कुठं खाणार?"

मिलिटरी हॉटेलात, म्हणजे इकडच्या मटणाच्या खाणावळीत, एका शब्दाची हुज्जत न घालता नुसते चॉप्स समोर आले. मालकानं वर पाठ थोपटली, "असंच खावं अण्णा!" अण्णा हरखले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. अक्का मटणाला शिवत नसत.

मग माझा पगार वाढला म्हणून मी त्यांना इंदिरानगरच्या एका झकपक रेस्टॉरंटात नेलं. अंधार, मेणबत्ती, टाय लावलेला वेटर. अण्णांनी पनीरची भाजी मागवली. वेटर म्हणाला, "रोटी, नान, कुलचा?"

"काही नको."

"सर, मग ग्रेव्ही कशाबरोबर खाणार?"

"चमच्याबरोबर."

मी अजून हसतो आठवलं की. भाजी आली, अण्णांनी जिभेवर थेंब ठेवला आणि निकाल दिला, "ह्यात साखर आहे." वेटर नाही म्हणाला. आतून आचारी आला, तोही नाही म्हणाला, मग म्हणाला, टोमॅटो आंबट होते म्हणून चिमूटभर. अण्णांची छाती दोन इंच वाढली. बिचाऱ्यानं दुसरी भाजी करून द्यायचं कबूल केलं आणि मदत म्हणूनच आत ओरडून सांगितलं, "चार नंबरला डायबेटिक पेशंट आहे, साखर नको!"

सगळं रेस्टॉरंट वळून चार नंबरकडे पाहू लागलं. अण्णा हसले, लोकांना हातसुद्धा केला. दुसरी भाजी उत्तम होती, चाटूनपुसून खाल्ली. पण बाहेर पडल्यावर म्हणाले, "बाद."

"अहो अण्णा, आता काय राहिलं? भसाभस पैसे घातले मी तिथं!"

"जेवण सरी होतं हो, एकदम ठीक. आवाज मोठा होता."

मी वैतागलो. माणसाला हौस तरी किती असावी! पुढचे दोन रविवार मी डोकं दुखतंय म्हणून वर पडून राहिलो.

तेवढ्यात अण्णांनी घराजवळच्या भट्टांना गाठलं होतं. भट्टांचं हॉटेल जुनं, टेबलं-खुर्च्यांचं, आणि तिथला मंजप्पा नावाचा वेटर आवाजासाठी प्रसिद्ध. तो टेबलापाशी उभा राहून ऑर्डर पुकारायचा ती मागच्या गल्लीत ऐकू जायची. भट्ट आधी अजिबात बधले नाहीत. "भाताशिवाय ताट? ते ताट नव्हे, अण्णा, ते उपासाचं पान."

पँटचं माप द्यायला भट्ट दुकानात आले तेव्हा अण्णांनी शांतपणे टेप लावला आणि वही उघडली. "गेल्या दिवाळीला चाळीस होतं. आज त्रेचाळीस." मग म्हणाले, "भट्टरे, शिवणीतलं कापड मी सोडीन हो. पण किती वर्षं सोडणार?"

भट्ट रात्रभर विचारात पडले असावेत. सकाळी त्यांनी अण्णांना स्वयंपाकघरात बोलावलं.

मग आठ-दहा दिवस ट्रायल चालल्या. हो, अण्णा ट्रायलच म्हणत. ओलं खोबरं घातलेली बीन्सची भाजी, कोबी, कोसंबरी, गूळ आणि बटाटा वगळून केलेलं दाट सांबार, पेलाभर ताक. तरी पोट भरेना. अण्णा म्हणायचे, "कमरेला ढिलं होतंय." तेव्हा भट्टांना आईच्या हातचे नुच्चिनुंडे आठवले, म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, आलं-मिरची घातलेले. एका ताटात चार. मी डोकेदुखी विसरून चव घ्यायला हजर झालो. अहाहा! मी भाताचा माणूस, पण त्या दिवशी मला भाताची आठवणसुद्धा झाली नाही.

अण्णा खूश, भट्ट खूश. पहिलं एक ताट रीतसर मागवलं. आणि मंजप्पानं छाती भरून हाळी दिली, "शुगर प्लेट, ओंदु!"

अण्णा ताडकन उठले. "रद्द!"

"आता काय झालं?" भट्ट कधी नव्हे ते भडकले. "भात काढला, गूळ काढला, बटाटा काढला. आता माझ्या वेटरचा आवाजपण कापून देऊ?"

"आवाज असू दे. नाव बदला." असे अण्णा मी कधी पाहिले नव्हते. "दवाखान्यात पेशंटला पुकारतात, भट्टरे. हॉटेलात पदार्थाला पुकारा."

मग मंजप्पाच डोकं खाजवत म्हणाला, "मग टेलर प्लेट म्हणू का, अण्णा? तुम्हीच बेतली आहे."

भट्टांनी खडू घेतला आणि फळ्यावर मसाला दोशाच्या खाली लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी सुंदराक्का आल्या. मोरपिशी रंगाची साडी, अंबाड्यावर मोगरा, आणि चेहरा परीक्षेला बसायला आल्यासारखा. खुर्ची भिंतीकडे तोंड करून घेतली. मंजप्पा आला. अण्णांनी दोन बोटं दाखवली. अक्कांनी पदर मुठीत धरलेला मला दिसला.

"एरडु टेलर प्लेट!"

हॉटेल हललं. अक्कांनी डोळे मिटले होते. उघडले तर कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. बघत होते ते फळ्याकडे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मंजप्पाला विचारत होते, "टेलर प्लेट म्हणजे काय हो? आम्हालाही एक आणा." ताटं आली तशी पलीकडच्यांनी दोन मागवली. मग कोपऱ्यातल्या कॉलेजच्या मुलींनी. अर्ध्या तासात नऊ टेलर प्लेटी गेल्या आणि आतून निरोप आला की नुच्चिनुंडे संपत आलेत. अण्णा टेबलाटेबलामधून वधूपित्यासारखे हिंडत होते, "सांबार आणखी घ्या, लाजू नका." शेवटी मुटके वळायला माणूस कमी पडतोय म्हणून आपलं ताट माझ्याकडे सरकवून स्वतःच आत गेले.

अक्का सावकाश, मन लावून जेवत होत्या. मी म्हटलं, "अक्का, जिंकले बघा अण्णा! शुगर असून काय उत्साह आहे माणसाचा."

"ह्यांना कुठं शुगर आहे?" अक्का म्हणाल्या. "शुगर मला आहे."

माझा घास तोंडातच राहिला.

"तीन वर्षांखाली भावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली, माझ्या पानावर होळिगे वाढली. पुरणपोळी हो, तुमची. मी तुकडा मोडणार, तर भावजय त्या टोकावरनं ओरडली, तिला देऊ नका, तिला शुगर आहे! वाढप्यानं पानावरची उचलून नेली. दोनशे माणसं बघताहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "हे समोरच्या पंगतीत होते. उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, मलापण आहे, माझीपण उचल. लोक हसले ह्यांना. त्या दिवसापासनं ह्यांनी गोड नाही खाल्लं, भात नाही खाल्ला. मी किती सांगितलं, निदान बाहेर तरी खावा. तर म्हणतात, एकदा मोठ्यानं बोललोय मी. आणि ह्याच हॉटेलात तीस वर्षं दर रविवारी चौचौ भात खाणारा माणूस हो हा."

चौचौ भात म्हणजे एका बशीत दोन मुदी, एक तिखटामिठाच्या सांज्याची, एक केशरी शिऱ्याची. दोन्ही पांढऱ्या रव्याच्या. मी इतके दिवस त्या माणसाच्या वाटणीचा भात हादडत होतो.

अक्कांनी ताट पूर्ण संपवलं. मग खुर्ची वळवली, भिंतीकडे पाठ केली, आणि हाक मारली, "मंजप्पा! एक चौचौ भात आण. ह्यांना."

मंजप्पा घोटाळला. हळूच म्हणाला, "अक्का, पण अण्णांना शुगर..."

"शुगर मला आहे!" अक्का म्हणाल्या. कन्नडात, खणखणीत, मंजप्पानं मान खाली घालावी अशा आवाजात. "ह्यांना नाही. मला आहे. ह्यांना शिरा जास्त घाल."

आता मात्र सगळं हॉटेल वळून बघत होतं. अक्कांनी सगळ्यांकडे उलट पाहिलं. कुठल्याशा टेबलावरून एक म्हातारी म्हणाली, "मलापण आहे गं बाई, बारा वर्षं झाली." अक्का हसल्या. तिच्या शेजारचे एक आजोबाही काही न बोलता हात वर करून बसले.

अण्णा हातावरची डाळ पुसत बाहेर आले. टेबलावर बशी होती. त्यांनी बशीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"बसा," अक्का म्हणाल्या. "निवतंय."

अण्णा बसले. पहिला चमचा त्यांनी अगदी सावकाश घेतला. दुसरा, तिसरा भराभर. मध्येच चमचा ठेवून, डोळे पुसून विचारलं, "तुझ्यासमोर खाल्लं तर तुला चालेल न गं?"

"खावा की," अक्का म्हणाल्या. "मी बघते."

आणि त्या खरंच बघत बसल्या, बशी रिकामी होईपर्यंत.