दगडाबाईंचा देवदूत

"देवदूताला बोलवायचं म्हंजे?" भाकरी थापता थापता दगडाबाईंचा हात परातीतच थांबला.

फादर सुरज दारातल्या खुर्चीत बसून चहा पीत होते. तलवाड्याच्या छोट्या चर्चमध्ये येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते, आणि अंगात उत्साह इतका, की तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नसे.

"सोपं आहे मावशी. मारियामातेच्या सणाला तुम्ही दर वर्षी साक्ष देता. त्यातला तो मोटारसायकलवाला माणूस कुठंतरी असेलच की! त्याला शोधू, तुमच्या शेजारी उभा करू, शाल घालू. देव माणसाच्या हातून कसा येतो, हे गावाला दिसेल. मी फोनवर सगळ्या ग्रुपना टाकलंय."

"टाकलंय?"

"काल सकाळीच."

तव्यावरची भाकरी करपली. तिच्याकडे बघायचं भान दगडाबाईंना राहिलं नाही.

सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, झाली की देवानं आपल्यासाठी काय केलं, हे कुणीतरी उठून माइकवर सांगायचं. यालाच साक्ष म्हणतात. बाकीची माणसं आळीपाळीनं सांगत, पण दगडाबाईंची साक्ष ठरलेली. ती ऐकायला हिंदू शेजारणीही मांडवात येऊन बसत आणि योग्य जागी पदर डोळ्यांना लावत. दगडाबाईंकडे ना शेत ना दागिना. होती ती एवढी साक्ष.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. टोळी ऊसतोडीला परमुलखात गेली होती. डिसेंबरातली धुक्याची सकाळ. चार वर्षांच्या मनिषाला ताप चढला आणि तिनं डोळे फिरवले. नवरा त्रिंबक उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर गेलेला. दगडाबाई पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यावर धावल्या. तोंडानं नुसतं 'नमो मरिये, नमो मरिये' चाललेलं. तेवढ्यात धुक्यातून एक मोटारसायकल आली. वर तोंडाला मफलर गुंडाळलेला एक माणूस. त्यानं मायलेकींना दवाखान्यात पोचवलं आणि नाव न सांगताच तो निघून गेला. मनिषा वाचली. आज ती बीडला नर्सिंग शिकत होती.

इथवर सगळं शंभर टक्के खरं होतं. पण साक्ष म्हणजे लोणचं थोडंच आहे, घातलं तेवढंच बरणीत राहायला! दुसऱ्या वर्षी त्या माणसाचे कपडे पांढरेशुभ्र झाले. पाचव्या वर्षी चेहऱ्याभोवती उजेड आला. आठव्या वर्षी मोटारसायकलची चाकं जमिनीला लागेनाशी झाली. "औंदा पंख फुटू दे गाडीला, म्हंजे झालं," असं त्रिंबक म्हणे, आणि त्या दिवशी त्याच्या ताटात कोरड्यास कमी पडे.

आणि जे साक्षीत कधी आलंच नव्हतं, ते दगडाबाईंच्या पोटात होतं. गाडीतलं पेट्रोल वाटेत संपलं होतं. पोरीला टाकीवर बसवून दोघांनी गाडी ढकलली होती. ढकलता ढकलता दगडाबाईंच्या मनाचा तोल गेला. "मुडद्या, पेट्रोल बघून निघता येत न्हाई?" म्हणून त्यांनी पायातली चप्पल काढून त्या माणसाच्या पाठीत हाणली होती. चप्पल उडून रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडली. एका चपलेनं त्या दवाखान्यात शिरल्या होत्या.

देवदूताला चपलेनं मारलं, हे चर्चमध्ये कुठल्या तोंडानं सांगायचं?

फादरांच्या निरोपानं मात्र आपलं काम चोख केलं. चौथ्या दिवशी भागवत मुकादम पांढऱ्या गाडीतून उतरला. आयुष्यभर टोळ्या नेल्यावर आता तो तालुक्याचे पुढारी विजयसिंह यांच्या मागंपुढं फिरत असे.

"दगडाबाई, तुमचा देवदूत घावला! आपले भाऊ."

"विजयसिंहभाऊ? ते कवा आलते तिकडं?"

"भाऊंनी आजवर इतक्या लोकांला दवाखान्यात पोचवलंय, की त्यांलाच याद न्हाई. म्हंजे तुमालाबी पोचवलंच असंल की."

या हिशेबात चूक कुठं आहे, हे दगडाबाईंना कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. विजयसिंह कपडे पांढरेशुभ्र घालत. चेहराही तेल लावल्यासारखा चमके. साक्षीतला देवदूत दगडाबाईंनी स्वतःच इतकी वर्षं शिवला होता, आणि तो विजयसिंहांच्या अंगाला बरोबर बसत होता.

"फादर, ते न्हवंत ते," त्या चर्चमध्ये जाऊन पुटपुटल्या.

"कशावरून मावशी?"

कशावरून ते सांगायचं तर चप्पल काढावी लागणार. दगडाबाई तशाच परत आल्या. घरोघर बातमी पसरली. गावात फलक लागला. त्यावर विजयसिंहांचा हात जोडलेला फोटो आणि पाठीमागं ढग. त्यातून मनिषाचा बीडहून फोन आला. "आई, मी सणाला येते. त्या माणसाच्या पाया पडायचंय मला. जलमभर मनात हाय माझ्या."

मग मात्र दगडाबाईंना घास गिळेना. लेक भलत्याच माणसाच्या पाया पडणार, आणि जो खरा, तो कुठंतरी पाठ चोळत बसला असणार.

सणाच्या दिवशी सकाळी त्या मांडवात आल्या, तर उमापूरचा हरिबा भोंगे बांधत होता. मांडव आणि लाउडस्पीकर दर वर्षी त्याचाच. माणूस अबोल आणि भला, पण दगडाबाईंचं आणि त्याचं दर वर्षी वाजे. त्यांची साक्ष 'धुक्यातनं देवदूत आला' इथवर पोचली, की हरिबाचा माइक हटकून शिट्टी मारी.

"हरिबा, औंदा शिट्टी वाजली तर बघ! फादरच्या बोलण्याला वाजत न्हाई, गाण्याला वाजत न्हाई. माझ्या देवदूतालाच कावून वाजते रं?"

"मशीन जुनं हाय अक्का," हरिबा खाली बघत म्हणाला.

मिस्सा झाली. मांडव गच्च भरला. पहिल्या रांगेत विजयसिंह, त्यांच्याशेजारी भागवत, आणि ताटात शाल. मनिषा आईजवळ उभी होती. दगडाबाईंनी माइक हातात घेतला, चर्चच्या भिंतीवरच्या मारियामातेकडे पाहिलं आणि सुरुवात केली. ताप आला, डोळे फिरले, नमो मरिये. बायकांचे पदर डोळ्यांकडे निघाले.

"आन् धुक्यातनं देवदूत..."

भोंग्यातून शिट्टी वाजली. कानठळ्या बसल्या. मांडव हसला. दगडाबाई मात्र हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. भागवत शाल उलगडत होता आणि मनिषा विजयसिंहांकडे पाऊल टाकत होती.

"थांब मने!" त्या माइकवर ओरडल्या. "भाऊ, एकच इचारते. गाडीतलं पेट्रोल कुठं सपलं व्हतं?"

विजयसिंह गोंधळले. "पेट्रोल? माझ्या गाडीतलं पेट्रोल कधी संपत नाही."

"मग तुमी न्हवं!" दगडाबाईंनी दम घेतला. आता मागं फिरायला जागा नव्हती. "फादर, माफी करा. चाकं जमिनीला लागत व्हती. लई लागत व्हती. पेट्रोल सपलं, गाडी ढकलावी लागली, आन् मी त्या भल्या माणसाला शिव्या घातल्या. उजेड न्हवता, काय न्हवतं. मी त्याला..." त्यांनी मनिषाकडे पाहिलं. "मी त्याला..."

"चप्पल हाणली," भोंग्यातून आवाज आला.

सगळा मांडव वर भोंग्याकडे बघू लागला. दोन म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. मग कुणीतरी मागं वळलं. कोपऱ्यातल्या मशीनपाशी हरिबा चाचणीचा माइक तोंडाशी धरून उभा होता आणि घामानं भिजला होता.

"बाभळीच्या वळणावर पेट्रोल सपलं. चप्पल हितं बसली," त्यानं उजव्या खांद्याखाली हात नेला. "आमची टोळी शेजारच्याच फडात व्हती अक्का. पोरगी टाकीवर ठिवली, तर तिनं माझा मफलर मुठीत धरलेला, सोडंनाच."

"मग चौदा वर्सं बोलला का न्हाईस?" दगडाबाईंचा आवाज फाटला.

"गाडी माझी न्हवती. मुकादमाची, न इचारता नेलती. आन् पुढं तुमी देवदूत म्हणाया लागल्या. दर साली तुमचं बोलणं त्या जागी आलं, की माझा हात थरथरतो आन् आवाजाचं बटण जास्त फिरतं. मी कशाला मधी येऊ?"

पहिल्या रांगेत भागवत ताडकन उठला. हातातली शाल खाली पडली. "म्हंजे माझी गाडी तू नेलतीस बे? दिसभर हिंडलो मी तिच्यापाई! आन् पेट्रोल कुठनं असणार तिच्यात? आदल्या सांजंला मीच ढकलत आणलती, बाटलीभर वतलं तेवढंच!"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो, हे त्याला कळलं आणि विजयसिंहांनाही कळलं. भाऊंनी मोठ्या मनानं पडलेली शाल उचलली, झटकली आणि फादरांच्या हातात दिली. पुढाऱ्याला वारं लवकर समजतं.

मनिषा तोवर कोपऱ्यापाशी पोचली होती. ती वाकली, तशी हरिबानं घाईनं तिचे हात धरले. "आवं, कवढी झाली ही!" एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला.

"फादर," दगडाबाई हळूच म्हणाल्या, "माझी साक्ष आता खोटी पडली का?"

फादर सुरज शाल सावरत पुढं झाले. तोवर दगडाबाईंनीच उत्तर दिलं. "न्हाई पडली. मी माउलीला हाक मारली आन् तिनं ह्याला धाडला, ह्यात फरक न्हाई. फकस्त पेट्रोल बघून न्हाई धाडला."

मांडव पोटभर हसला. शाल हरिबाच्या खांद्यावर गेली. दगडाबाई माइक हातात घेऊनच त्याच्यासमोर गेल्या. चौदा वर्षं ज्याचे उपकार त्या आभाळाला सांगत होत्या, तो हातभर अंतरावर उभा होता. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी म्हणाल्या.

पण माइक मशीनच्या अगदी जवळ आला होता. भोंगे असे किंचाळले, की त्या काय म्हणाल्या हे मांडवात कुणालाच ऐकू गेलं नाही. हरिबाला तेवढं गेलं. त्यानं मान हलवली, शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच बटणाला हात न लावता ती शिट्टी मनसोक्त वाजू दिली.