प्रेबेनचा गोड केलेला प्रश्न

माझ्या भाषांतरामुळे आजवर एकाही माणसाचं मन दुखावलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो! मेकाँगच्या काठावरच्या आमच्या गावात मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गावातल्या अठरा परदेशी माणसांचं आमच्या थाई माणसांशी काही महत्त्वाचं बोलणं असलं की दोन्हीकडून एकच निरोप येतो, थवत मास्तरांना बोलवा. आणि मास्तर जातात. इस्त्रीचा शर्ट घालून जातात.

भाषांतर म्हणजे नुसते शब्द इकडचे तिकडे करणं नव्हे, ते पाचवीतली पोरंही करतात. समोरच्याची भीड राखायची, त्याचा मान सांभाळायचा आणि मग बोलणं त्याच्यापर्यंत पोचवायचं, ही खरी कला. बावीस वर्षांपूर्वी प्रेबेन नावाचा डेन्मार्कचा माणूस आमच्या गावच्या बुआफनला मागणी घालायला आला. जहाजावरचा मेकॅनिक, दाराच्या चौकटीत न मावणारा. होणाऱ्या सासूनं त्याच्यापुढे चिकट भात आणि आंबवलेल्या मासळीची चटणी ठेवली. त्यानं एक घास घेतला, डोळे पुसले आणि मला इंग्रजीत म्हणाला, "मास्तर, हे मेलेलं आहे, आणि फार पूर्वी मेलेलं आहे." मी सासूबाईंना सांगितलं, की आयुष्यात असा वास कधी भेटला नव्हता म्हणतो. म्हातारी इतकी खूश झाली की त्याच बैठकीत तिनं होकार दिला आणि पुढे दर महिन्याला त्याच्यासाठी एक बरणी भरायला लागली. आज प्रेबेनला त्या चटणीशिवाय भात जात नाही. आता तुम्हीच सांगा, मी जसंच्या तसं सांगितलं असतं तर तो संसार उभा राहिला असता का?

तर गेल्या वर्षी आमच्या नदीकाठच्या नव्या बांधाचं उद्घाटन करायला खुद्द उपपंतप्रधान येणार असं ठरलं. कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटं 'परदेशी रहिवाशांचे माननीयांना प्रश्न' यासाठी होती आणि त्याखाली माझं नाव छापलं होतं! मी ती पत्रिका फ्रिजच्या दाराला चिकटवली. पिकुननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, फ्रिजमधलं दूध बाहेर काढता काढता ती वाचली आणि म्हणाल्या, "अहो, या खेपेला तरी जो जे बोलेल ते तसंच सांगा. मोठा माणूस आहे, त्याला झेपेल." मी नुसता हसलो. उभा जन्म शेतकी खात्यात काढलेल्या बाईला राजशिष्टाचार काय कळणार!

अठरा जण प्रेबेनच्या ओसरीवर जमले. प्रत्येकाच्या खिशात प्रश्न होता. धबधबा बघायला आम्हाला जास्त तिकीट का? गावातला भोंगा सकाळी सहाला बातम्या का सांगतो? घराखालची जमीन स्वतःच्या नावावर कधी होणार? एका इंग्रज गृहस्थाला चार प्रश्न विचारायचे होते आणि चारही त्याच्या दारासमोरच्या गटारीबद्दल होते. दहा मिनिटांत एकच प्रश्न बसतो, असं मी सांगितल्यावर जी जुंपली, ती शेवटी बुआफननं सर्वांना नारळपाणी दिल्यावर थांबली. मग सगळ्यांनी मिळून प्रेबेनचा प्रश्न निवडला.

प्रश्न होता नव्वद दिवसांचा. परदेशी माणसानं दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो हे सरकारला कळवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. संगणकावरूनही कळवता येतं, पण आमच्या अठरांपैकी निम्म्यांना तो सुरू कुठून करायचा हेच माहीत नाही. कार्यालय पंच्याऐंशी किलोमीटरवर आणि रस्ता सगळा घाटाचा. प्रेबेन आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, उजवा गुडघा कामातून गेलेला. मागच्या खेपेला बसमधून उतरताना तो रस्त्यावर पडला आणि अर्धा तास उठू शकला नाही. डॉक्टरांनी बसचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय. बुआफन मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, पुढच्या वेळी हा वाटेतच राहील हो."

प्रेबेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: दर तीन महिन्यांनी एक दिवस तुमचा एक माणूस आमच्या गावात टेबल टाकून बसू शकेल का? आम्ही म्हातारे होत चाललो आहोत.

"मीच विचारू का?" तो म्हणाला. "मला तुमची भाषा येते."

त्याला आमची भाषा येते हे खरं, पण ती त्यानं सासूकडून उचललेली. म्हणजे आमच्या ईशान्येकडच्या इसान भागाची खेडवळ बोली, मासळीचा भाव करायची आणि म्हशी हाकायची. उपपंतप्रधान बँकॉकचं शुद्ध बोलणार, त्यांच्यापुढे ही बोली? मी त्याला बजावलं, की तिथे तू इंग्रजीत बोलायचं आणि बाकी माझ्यावर सोडायचं.

रात्रभर विचार करून मी प्रश्न थाईत उतरवला. 'माननीय महोदय, दर नव्वद दिवसांनी कार्यालयात येऊन अधिकाऱ्यांची भेट घेण्यात आम्हा परदेशी रहिवाशांना मोठा आनंद वाटतो. वाटेवरचा निसर्ग मनोहर आहे. हाच आनंद अधिकाऱ्यांनी आमच्या गावी येऊन घेतला तर आम्ही स्वतःला भाग्यवान समजू.' वाचून मला माझंच कौतुक वाटलं. मागणी शेवटच्या वाक्यात होती, पण कुणाला टोचत नव्हती.

आमच्याकडे मोठ्या माणसाला विचारायचा प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, आयत्या वेळी त्यांची पंचाईत होऊ नये म्हणून. तालुका कचेरीतल्या ओरावनबाईंनी माझा कागद वाचला आणि छातीवर हात ठेवला. "मास्तर, तिसऱ्या वाक्यात अधिकाऱ्यांना घाट चढावा लागतोय. त्यांच्या साहेबांना काय वाटेल?" त्यांनी ते वाक्य काढलं. मग कागद तालुक्याच्या साहेबांकडे गेला. त्यांना दोनच वाक्यं कोरडी वाटली, माननीयांच्या मानाला शोभेनात. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलं: 'हा आनंद आम्हाला वारंवार मिळावा अशी इच्छा आहे.' खाली सही, त्यावर तीन शिक्के.

हा पक्का कागद माझ्या हातात आला तो कार्यक्रमाच्या दिवशी, पाच मिनिटं आधी. दुसरी प्रत उपपंतप्रधानांच्या पुढ्यात होती. मी वाचलं, तर मागणी त्यात उरलीच नव्हती. त्याच वेळी उठून बोलायला हवं होतं. पण साहेब तीन हातांवर बसलेले, त्यांची सही ताजी, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. भीड पडली!

सभा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. एका बाजूला खाकी गणवेशातले अधिकारी, दुसऱ्या बाजूला अठरा परदेशी. गावातली सगळी बाईमंडळी मागच्या अंगणात स्वयंपाकात होती, बुआफनही. निळ्या रेशमी सदऱ्यातले उपपंतप्रधान मंचावर बसले होते. प्रेबेन काठी टेकत उभा राहिला आणि त्यानं आपला प्रश्न इंग्रजीत विचारला, सरळ आणि छान. मग मी कागद वाचला.

उपपंतप्रधानांचा चेहरा खुलला! ते म्हणाले, की राजधानीत परदेशी लोक भेटतात ते फक्त तक्रारी घेऊन. कायदा पाळण्यात आनंद मानणारी माणसं आपण आज पहिल्यांदा पाहिली. मग ते सचिवांकडे वळले. "यांच्या भावनेचा मान राखा. या गावापुरती ही भेट नव्वदऐवजी दर तीस दिवसांनी ठेवता येते का ते बघा."

सचिवांनी लिहून घेतलं. खाकी रांगांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाले?" प्रेबेननं विचारलं.

"तुमच्या भावनेचा मान राखा म्हणाले," मी सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता.

प्रेबेननं मागे वळून बाकीच्यांना सांगितलं आणि सतराच्या सतरा टाळ्या वाजवायला लागले. गटारवाला इंग्रज तर उभा राहिला. ते बघून उपपंतप्रधानांनाही भरून आलं. मी रुमालानं मान पुसत होतो, तेवढ्यात प्रेबेन टाळ्या वाजवायचा थांबला. त्याला शुद्ध थाई कळत नाही, पण बावीस वर्षं मासळीबाजार केलेला माणूस आकडा कसा सोडील?

"मास्तर, ते तीस म्हणाले. तीस काय?"

"तीस... चांगला आकडा आहे."

"दिवस म्हणाले." तो माझ्याकडे बघतच राहिला. असं बावीस वर्षांत त्यानं कधी बघितलं नव्हतं. "मास्तर, तुम्ही काय विचारलंत?"

मी शिक्क्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

प्रेबेननं काठी उचलली आणि तो मंचाकडे निघाला. सुरक्षेचे दोन जवान पुढे झाले. त्यानं आधी त्यांना हात जोडले, मग उपपंतप्रधानांना जोडले आणि सासूच्या बोलीत, सासू म्हशीला हाक मारते त्या आवाजात सुरू झाला.

"हे बघ पोरा, मास्तर काय बोलला ते सोड. माझा गुडघा गेलाय. मागल्या खेपेला बशीतनं उतरताना रस्त्यात आडवा झालो. म्हैन्याला बोलवून मला मारतूस का? तुझा एक माणूस तीन म्हैन्यानं एक दिस हितं टेबल टाकून बसव. आम्ही त्याला उपाशी ठेवनार न्हाई, आमची म्हातारी मासळीची चटनी घालंल. येवढं कर, मग जा जेवायला."

ओरावनबाईंनी डोळे मिटले. तालुक्याचे साहेब कागदावरच्या स्वतःच्या सहीकडे टक लावून बसले. देशाच्या उपपंतप्रधानांना भर सभेत 'पोरा'! मी दार किती लांब आहे ते बघून घेतलं.

उपपंतप्रधान मूळचे आमच्याच बाजूचे, तीन तालुके पलीकडचे. बाराव्या वर्षी विहारात राहून शिकायला बँकॉकला गेले, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून गावची बोली कुणी ऐकली नव्हती. त्यांनी पुढ्यातला माइक बाजूला सारला.

"बाबा," ते आमच्या बोलीत म्हणाले, "मला पोरा म्हननारी माजी आई जाऊन अकरा वर्सं झाली." मग त्यांनी विचारलं, "चटनी कसली? घट्ट का पातळ?"

"पातळ. तीन वर्सं मुरलीय."

उपपंतप्रधान मंचावरून खाली उतरले, प्रेबेनचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसून गुडघा दाखवायला सांगितलं. सचिवांना त्यांनी तीसचा आकडा खोडायला लावला. दर तीन महिन्यांनी एक अधिकारी या हॉलमध्ये बसेल, हे तिथल्या तिथे ठरलं. दुपारचं मोठं जेवण सोडून ते अंगणात बायकांच्या घोळक्यात चिकट भात आणि चटणी खात बसले, आणि बुआफन एका हातानं वाढत होती नि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती.

खरं सांगतो, माझी छाती अभिमानानं भरून आली. ही बोली वर्गात बोलली म्हणून मी किती पोरांना बाकावर उभं केलंय! आणि आज डोंगराएवढा एक परका माणूस आमच्या आयाबायांची तीच बोली घेऊन देशाच्या कारभाऱ्याशी भांडला आणि जिंकला. तो आमच्या गावचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला थोडी लाजही वाटली. मी प्रेबेनजवळ जाऊन माफी मागितली, तर तो म्हणाला, "मास्तर, माझ्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही काय काय सांगितलं असेल, त्याचा मी आता विचार करतोय."

तीन महिन्यांनी पहिलं टेबल लागलं. अठरा जण पासपोर्ट घेऊन रांगेत उभे होते. अधिकारी म्हणून आमच्याच बाजूची एक तरुण मुलगी आली होती, फार नम्र. मी नवा शर्ट घालून, पेन लावून भाषांतरकाराच्या खुर्चीत बसलो होतो. तिनं मला वाकून हात जोडले.

"गुरुजी, आपण एवढे ज्येष्ठ. आपल्याला दिवसभर इथे अडकवून ठेवणं आमच्या मनाला बरं वाटत नाही. बाहेर झाडाखाली वारा छान आहे. आपण तिथे निवांत बसा, चहा मी स्वतः आणून देते."

अशी वाक्यं मी चाळीस वर्षं तयार करत आलोय. सरळ भाषेत त्याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी उठलो. खुर्चीत प्रेबेन बसला. चहा मात्र तिनं खरंच आणून दिला, बर्फ घालून.