वय विचारले जाणार नाही

माणसाला वय असतं, यात त्याचा काही दोष नाही. पण ते सोबत घेऊन तो नोकरी मागायला येतो, यात थोडासा आहे.

आमच्या मोज्यांच्या कारखान्याचं धोरण या बाबतीत फार उदार आहे. मी इथल्या भरती विभागात सहायक अधिकारी आहे, तेव्हा हे अधिकाराने सांगू शकतो. आमच्या प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं असतं : 'उमेदवारास वय विचारले जाणार नाही.' कायदाही तेच म्हणतो, आणि आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत. तेरा वर्षांत मी एकाही उमेदवाराला वय विचारलेलं नाही. तशी वेळच आली नाही.

कारण ते काम स्वागतकक्षातली मुलगी करते. तिला कसलंही प्रशिक्षण दिलेलं नाही, आणि तेच या पद्धतीचं शास्त्र आहे. उमेदवार दारातून आत आला की तिच्या तोंडून आपसूक जो शब्द निघेल, त्याची नोंद तिने समोरच्या तक्त्यात करायची. रकाने चार : 'दादा', 'सर', 'काका' आणि 'आजोबा'. दादांना थेट वर पाठवतात. सरांना पाणी विचारतात. काकांना बसायला सांगतात. आजोबांना 'कुणाला भेटायचंय?' असं प्रेमाने विचारतात. (महिला उमेदवारांसाठी 'ताई', 'मॅडम', 'काकू', 'आजी' असे समांतर रकाने आहेत. आमच्याकडे स्त्री-पुरुष भेद मुळीच नाही.) गेल्या वर्षी बसायला सांगितलेल्या काकांपैकी शहाण्णव टक्के अजून नोकरी शोधत आहेत. उरलेले चार टक्के अजून बसलेलेच आहेत.

या तक्त्याला चकवायचे प्रयत्न होतात. कलप लावून येणारे पुष्कळ. पण कलप केसांना लागतो, गुडघ्यांना लागत नाही. म्हणून प्रतीक्षागृहात आम्ही मुद्दाम एक बुटका, मऊ सोफा ठेवला आहे. त्यावरून उठताना जो हाताचा आधार घेतो आणि वर 'चला' म्हणतो, त्याच्या नावापुढे एक बारीक फुली येते. सोफा वय विचारत नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न उद्भवत नाही.

अशाच एका सोमवारी फिटरकाका आले. त्यांचं धंद्याचं नाव आणि स्वागतकक्षाने लावलेलं नाव मिळून हे तयार झालं, आणि पुढे सगळे तेच म्हणू लागले. छप्पन्न वर्षं पूर्ण होऊन महिना झाला, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आम्ही कायद्याचा मान राखून ते ऐकलं नाही.

त्यांची अडचण अशी. दुसऱ्या एका मोज्यांच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं चार महिने फिटर म्हणून काम केलं आणि तो कारखाना बंद पडला. सरकारी निवृत्तिवेतनाला एकूण तीस वर्षांची नोकरी लागते. म्हणजे वीस महिने कमी. ते भरले तर नवरा-बायकोला मरेपर्यंत घरबसल्या चार घास मिळणार. न भरले तर काही नाही. एकोणतीस वर्षं अकरा महिने झाले तरी काही नाही. (नियम स्वच्छ असला की फार बरं पडतं.)

"मला लांबलचक काही नको साहेब," ते मुलाखतीत म्हणाले. "वीस महिने काम द्या. मशीन कुठलंही द्या."

हे त्यांच्या विरोधात गेलं. आपल्याला नेमकं काय हवं हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसावर निवड समिती सहसा विश्वास टाकत नाही. समितीत तिघे होते आणि तिघांच्या वयाची बेरीज एक्क्याऐंशी होती. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता. फिटरकाका म्हणाले, "घरी." तिन्ही पेनं थांबली. या प्रश्नाचं खरं उत्तर कारखान्याच्या इतिहासात प्रथमच मिळालं होतं.

अर्ज जावयाने ऑनलाइन भरून दिला होता. छंदाच्या रकान्यात त्याने 'गिर्यारोहण' लिहिलं होतं. कोणकोणती शिखरं केलीत, असं विचारल्यावर फिटरकाका म्हणाले की जावयाला विचारून सांगतो. बायकोने त्यांना मुलाखतीसाठी पांढरेशुभ्र खेळाचे बूट घेऊन दिले होते. ते बूट ते सोफ्याखाली लपवायचा प्रयत्न करत होते. मला त्या वेळी वाईट वाटलं. (वाईट वाटल्याची नोंद करायला विभागात वेगळी वही नाही.)

ते नापासच व्हायचे, पण त्याच दुपारी चार नंबरचं मशीन बंद पडलं. आमची विणाईची मशीनं जुनी आहेत, आमच्या व्यवस्थापकांपेक्षा बरीच जुनी. ती ओळखणारा शेवटचा फिटर आम्ही समारंभपूर्वक निवृत्त केला होता. तेव्हा समितीने ठरवलं की उमेदवाराची प्रात्यक्षिक फेरी घ्यावी. फिटरकाकांनी मशीनवर तळवा ठेवला, हाताने दोन फेरे फिरवून कान दिला आणि आतली एक सुई वाकल्याचं सांगितलं. चाळीस मिनिटांत मोजे पडू लागले. समितीने शेरा मारला : 'उमेदवार एकट्याने काम करतो. संघभावना तपासावी लागेल.'

संघभावना तपासायला दुसरी फेरी ठेवली. योगायोगाने त्या दिवशी सात नंबरचं मशीन बंद होतं. नेतृत्वगुण तपासायची तिसरी फेरी नवव्या महिन्यात आली. मग मशीनं वरचेवर बंद पडू लागली, आणि शिकण्याची तयारी तपासायला चौथी ठेवली. तेवीस महिन्यांत अशा एकतीस फेऱ्या झाल्या आणि एकतिसाव्या फेरीतसुद्धा उमेदवाराच्या शिकण्याच्या तयारीबद्दल समितीच्या मनात शंका होतीच, कारण त्याला सगळं आधीच येत होतं. हत्यारांची पिशवी तो स्वतःची आणायचा. बसभाडं अर्थातच त्याचं. नोकरी मागणाऱ्याने एवढी उमेद दाखवायलाच हवी.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो असं मात्र कुणी समजू नये. त्याच जागेवर या काळात सहा दादांची नेमणूक झाली. ते सरासरी एकोणीस दिवस टिकले, त्यांतले अकरा प्रशिक्षणात गेले आणि चार आजारपणात. पाचव्या दादाने तर मशीन प्रत्यक्ष पाहिल्यावर तासाभरात राजीनामा दिला. पण सहाही जणांची ऊर्जा वाखाणण्यासारखी होती.

एकदा संध्याकाळी फाटकापाशी फिटरकाकांनी मला गाठलं. हात तेलाने काळे, ते पाठीमागे धरलेले.

"साहेब, खरं सांगा. माझं होणार आहे का? बायको रोज विचारते. तिला मी कामावर जातो म्हणून सांगू, की परीक्षेला?"

मी म्हणालो, "काका, प्रक्रिया सुरू आहे." हे वाक्य मी रोज किमान सहा वेळा म्हणतो, पण त्या दिवशी ते म्हणून झाल्यावर मला घरी जेवण गेलं नाही.

मग कारखान्याने नवी मशीनं घेतली. ती बिघडली की कंपनीचा माणूस येतो. तेव्हा प्रात्यक्षिकांची गरज संपली आणि समितीने तत्परतेने फिटरकाकांना नकारपत्र पाठवलं. नकारपत्र दोन ओळींचं, सोबत भरतीच्या नियमांची प्रत बावीस पानांची. ती आम्ही सगळ्यांनाच पाठवतो. जाड पाकीट आलं की उमेदवाराला आपला गंभीरपणे विचार झाला असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी फिटरकाका चष्मा लावून हजर. हातात नियमांची प्रत, एकोणिसाव्या पानावर पेन्सिलची खूण. कलम सत्तेचाळीस : 'जो उमेदवार तीन प्रात्यक्षिक फेऱ्या समाधानकारकरीत्या पूर्ण करील, तो तिसऱ्या फेरीच्या दिनांकापासून नियुक्त झाला असे मानण्यात येईल.'

विभागात धावपळ उडाली. नियम आमचेच होते, पण ते आमच्यापैकी कुणी वाचलेले नव्हते. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने ते दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचे उतरवून घेतले होते आणि त्या कारखान्याने ते कुणाचे उतरवले होते, ते आता कळायला मार्ग नाही. कायदा सल्लागाराने दोनदा वाचून हात टेकले. कलम पक्कं होतं.

समिती दोन दिवस बसली आणि तिने जो न्याय दिला, तो मी जसाच्या तसा सांगतो. फिटरकाका तिसऱ्या फेरीपासून आमचे कायम कर्मचारी आहेत, हे मान्य. आमच्याकडे निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली गेल्या आठवड्यात. (आता ते कर्मचारी असल्यामुळे वय विचारायला हरकत नव्हती.) सबब ते मागच्या आठवड्यापासून सन्मानपूर्वक निवृत्त. एकूण सेवा चौदा महिने. पगाराचा मुद्दा निघाला, पण हजेरीपत्रकावर त्यांची एकही सही नव्हती. तेव्हा सेवा धरली आणि हजेरी धरली नाही.

लागत होते वीस, भरले चौदा. आणि सरकारी नियमाने एकदा निवृत्त झालेल्याची पुढची नोकरी निवृत्तिवेतनासाठी मोजत नाहीत. त्यांनी ते एकोणिसावं पान वाचलं नसतं, तर निदान दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याच्या सोफ्यावर बसायला ते मोकळे राहिले असते.

निरोप समारंभ छान झाला. एक पुष्पगुच्छ आणि मोज्यांचे सहा जोड दिले. व्यवस्थापकांनी भाषणात त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. उत्तरादाखल बोलायला उठले तेव्हा फिटरकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी चौदा महिने नोकरीवर होतो?"

"हो, काका."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?" ते म्हणाले. "घरी तरी सांगितलं असतं."

एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते कुणाला कळेना. मी वाजवल्या नाहीत. माझ्याकडून तेवढंच झालं.

या प्रकरणातून विभागाने धडा घेतला. दोष वयाचा नव्हता, दोष वाचण्याचा होता. जो माणूस हातात पडलेला कागद शेवटपर्यंत वाचतो, तो कारखान्याला कधी ना कधी अडचणीत आणतो. म्हणून या महिन्यापासून पहिली फेरी बदलली आहे. आता उमेदवाराला काहीही न विचारता फक्त एक लांबलचक मजकूर द्यायचा आणि लांबून पाहत राहायचं. कामाचा उमेदवार नवव्या ओळीच्या आसपास कंटाळतो आणि मोबाइल काढतो. बरा उमेदवार शेवटच्या परिच्छेदावर उडी मारतो. उरलेला एकेक ओळ वाचत, मनात बेरजा करत, कंसातलंसुद्धा न सोडता तळापर्यंत येतो, आणि त्याचा निकाल तिथेच लागतो.

तो मजकूर हाच आहे. आपण अजून आमच्याकडे अर्ज केलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण कराल तेव्हा उगाच हेलपाटा नको, म्हणून निर्णय आत्ताच कळवून ठेवत आहे.