दुरुस्ती चालू आहे, जिना वापरा

टाळ्यांचा तो आवाज त्याने तीस वर्षांपूर्वी ऐकला होता आणि अजून तो त्याच्या कानातून गेला नव्हता.

तेव्हा तो चौथीत होता. शाळेच्या कार्यक्रमात त्याला नदीवरची आठ कडव्यांची कविता म्हणायची होती. स्टेजवर उभा राहिला, समोर दोनशे डोकी दिसली. मग त्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि कविता सुरू केली. मध्येच पोरांनी गलका केला, कोणीतरी किंचाळलं, बाकं वाजली. तो मागे हटला नाही, डोळेही उघडले नाहीत. आठवं कडवं आलं आणि एकाएकी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्याचे डोळे आपोआप उघडले. पाहतो तर हॉल लख्ख उजळलेला, पोरं बाकांवर चढून नाचताहेत, बाईसुद्धा टाळ्या वाजवताहेत! मागे दाराशी त्याचे बाबा उभे होते, हातात हत्यारांची पिशवी. बाबा वायरमन. कामावरून तसेच धावत आले असणार, असं त्याला वाटलं. त्या दिवशी बाबांनी त्याला खांद्यावर बसवून घरी नेलं. बोलले काहीच नाहीत. तसे ते कधीच फार बोलत नसत.

टाळ्या वाईट. एकदा कानात शिरल्या की माणूस कामातून जातो.

मोठेपणी तो लिफ्टचा मेकॅनिक झाला. काम चोख होतं, पण दम खाऊ देत नसे. बेचाळीस लिफ्ट एकट्याच्या गळ्यात. अंगाला साबण लावला की फोन, पहिला घास उचलला की फोन. लोक लिफ्टमध्ये अडकायला याच्या जेवणाचीच वेळ साधत. यातून जो वेळ उरेल त्यात दुसरा एखादा झोपला असता. याने चॅनल काढलं.

चॅनलचं नाव ‘तोल’. विषय : नोकरी सांभाळून छंद कसा जोपासावा. आता ज्या माणसाला स्वयंपाकघरातला गळका नळ चार महिन्यांत दुरुस्त करायला वेळ झाला नव्हता, त्याने जगाला वेळेचं नियोजन शिकवावं, म्हणजे कमालच. पण तो शिकवत होता. ‘मित्रांनो, वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो,’ हे वाक्य तो एक बोट वर करून म्हणे. (बोटाला ग्रीस असे.)

सबस्क्रायबर एकतीस. त्यांत तीन वेळा तो स्वतः, एकदा बायको आणि एकदा बाबा. बाबा प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघत.

“कसा वाटला, बाबा?”

बाबा चष्मा काढून पुसत. मग म्हणत, “उजेड चांगला आहे.”

तेवढ्यावर तो आठवडाभर खूश असे.

अडचण होती ती जागेची. घरात शूटिंग करावं तर नळ टपटपे. त्याने नळाला फडकं गुंडाळलं. (नळ दुरुस्त करणं त्यापेक्षा सोपं होतं, पण कलावंताला कोण सांगणार?) तर शेजारच्यांचा मिक्सर सुरू होई. शेवटी तो बायकोच्या कपाटात जाऊन बसला. अर्धा तास बोलला. व्हिडिओत त्याच्या डोक्यामागे हँगरला लटकलेला परकर होता, तो शेवटपर्यंत हलत राहिला. त्या व्हिडिओला एकच कॉमेंट आली : ‘मागे कोण आहे?’

“अहो, माझ्या कपाटात बसून तुम्ही लोकांना शिस्त शिकवता?” बायकोने विचारलं. ती घराखालच्याच औषधाच्या दुकानात काउंटरवर होती आणि तिची जीभ दुकानातल्या सगळ्या औषधांपेक्षा जालीम होती. “आधी माझ्या साड्यांवरचे ग्रीसचे डाग काढा. मग जगाचा तोल सांभाळा.”

आणि मग एके दिवशी, एका सहा मजली इमारतीत लिफ्टला तेलपाणी करत असताना, त्याला साक्षात्कार झाला. त्या इमारतीचा तळमजला चांगला दोन माणसं उंच होता. तळमजला आणि पहिला मजला यांच्या अधेमध्ये लिफ्ट थांबवली की समोर ना खालचं दार, ना वरचं. नुसती भिंत. आवाज नाही, माणूस नाही, नळ नाही. असा स्टुडिओ पैसे मोजून मिळाला नसता.

त्याने दुसऱ्याच दिवशी तिथे लिफ्ट थांबवून, आतल्या आत उभं राहून, समोरच्या भिंतीचा तुकडा आकाशी रंगाने रंगवला. वर एक पांढरा ढगही काढला. मग दर बुधवारी अकरा वाजता तो इमारतीच्या दाराशी ‘दुरुस्ती चालू आहे, जिना वापरा’ अशी पाटी लावी, तोंडाला पावडर लावी आणि ढगासमोर उभा राही. सहा मजल्यांची माणसं पिशव्या घेऊन धापा टाकत जिना चढत असत आणि हा आत सांगत असे, ‘मित्रांनो, दुसऱ्याच्या वेळेची किंमत करा.’

लोकांनी तक्रारी केल्या नसत्या तरच नवल. साहेबांनी बोलावून घेतलं.

“त्या इमारतीची लिफ्ट दर बुधवारी कशी काय बिघडते रे? तिला वारबीर कळतो का?”

“जुनी आहे साहेब, जपावं लागतं.”

“हे बघ. आणखी एक तक्रार आली की तुला गोदामात टाकणार. नटबोल्ट मोजत बस जन्मभर.”

गोदाम म्हणजे त्यांच्या कंपनीत जिवंत समाधी. तिथे गेलेला माणूस परत साइटवर आलेला कोणी पाहिला नव्हता. शहाणा माणूस असता तर त्याने त्याच दिवशी ढगाला रामराम ठोकला असता. पण त्याचा पन्नासावा व्हिडिओ राहिला होता. पन्नासावा! एवढा एक करू आणि थांबू, असं त्याने ठरवलं. नवा दिवाही आणला, चांगला दणदणीत. बॅटरीवर चालणारा महाग होता, म्हणून वायरवाला.

बुधवारी अकराला त्याने पाटी लावली, लिफ्ट अधांतरी थांबवली, बटणांची पेटी उघडली आणि दिव्याच्या वायरी आतल्या वायरींना जोडल्या. वायरमनचा मुलगा, पण जोड इतका गबाळा की त्यावर साधी टेपही गुंडाळली नाही. खाली वाकून फोन चालू केला. बोट वर केलं.

“मित्रांनो, आज आपण पन्नासाव्या पायरीवर उभे आहोत...”

फट्!

दिवा गेला, लिफ्टचा दिवा गेला, पंखा गेला. काळोख. गच्चीवरच्या यंत्रखोलीतला फ्यूज उडाला होता हे त्याला आवाजावरूनच कळलं. दुसरं कोणी अडकलं असतं तर तो दहा मिनिटांत धावत आला असता. पण धावत येणारा माणूस आत होता. वर दार नाही, खाली दार नाही. समोर ढग, आणि तोही दिसत नव्हता.

पाचच मिनिटांत फोन वाजला. साहेब.

“अरे, त्याच इमारतीतून वॉचमनचा फोन आहे. लिफ्ट बंद, दारावरचे मजल्याचे दिवेही दिसत नाहीत. आणि सहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आल्यात, खाली स्टुलावर बसून राहिल्यात. कुठे आहेस तू?”

“जवळच आहे साहेब.”

“किती वेळ लागेल पोहोचायला?”

“पोहोचलोय साहेब.”

“मग वॉचमनला का दिसत नाहीस?”

“मी... काम बघतोय साहेब.”

“तू थांब तिथेच. मीच येतो अर्ध्या तासात.”

(थांब म्हणून सांगायची काही गरज नव्हती.)

म्हाताऱ्या बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्याच बाई. त्या कार्यक्रमात टाळ्या वाजवणाऱ्या. भेटल्या की तो नेहमी विचारी, “बाई, तो कार्यक्रम आठवतो ना? काय टाळ्या पडल्या होत्या!” आणि बाई म्हणत, “आठवतो तर! असा टाळ्यांचा गजर परत ऐकला नाही बाबा.” त्याला आणखी काय हवं? आता त्याच बाई खाली ताज्या टाक्यांचा गुडघा घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा गुणी विद्यार्थी पावडर लावून त्यांच्या डोक्यावर लटकत होता. त्याला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली. मग साहेबांची आठवण झाली आणि लाजेच्या जागी घाम आला.

त्याने बायकोला फोन लावला.

“अगं, मी लिफ्टमध्ये अडकलोय.”

“तुम्ही?” पलीकडे गोळ्यांची पट्टी कापल्याचा आवाज. मग, “थांबा, गिऱ्हाईक आहे. काका, हे जेवणानंतर घ्यायचं. हां, बोला. मेकॅनिकला फोन केलात का?”

“अगं, मीच मेकॅनिक आहे!”

“ते माहितेय हो. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

“चेष्टा करू नकोस. वरचा फ्यूज घालायला कोणीतरी हवंय. साहेब यायच्या आत. बाबांना मात्र सांगू नकोस.”

“मग कोणाला सांगू? तुमच्या एकतीस सबस्क्रायबरांना?”

तिने फोन ठेवला आणि वर जाऊन सासऱ्यांना सांगितलं. बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांनी चष्मा पुसला, खुंटीवरची जुनी पिशवी काढली. विचारलं एवढंच, “दिवा वायरवाला होता ना, सूनबाई?”

“हो बाबा. परवाच आणला.”

“हं,” बाबा म्हणाले आणि निघाले.

इमारतीत पोहोचल्यावर ते बाईंना नमस्कार करून सहा मजले जिना चढून गेले, दर मजल्यावर टेकत. यंत्रखोलीला कुलूप, आणि किल्ली चिरंजीवांच्या खिशात. बाबांनी कुलपाला हातही लावला नाही. कडीचे चार स्क्रू काढले आणि दार उघडलं. फ्यूज घातला. लिफ्ट उजळली, खाली दारावरचे दिवे लागले. खाली जमलेली आठ-दहा माणसं “आली, आली!” म्हणून ओरडली. आणि फट्! परत काळोख.

“अरेरे!” सगळे म्हणाले.

वर जाताना मागून घेतलेल्या वॉचमनच्या फोनवरून बाबांचा सावकाश आवाज आला, “अरे बाळ, तुझा दिवा काढ आधी.”

अडतीस वर्षांच्या बाळाने अंधारात चाचपडत वायरी ओढून काढल्या, तोडल्या, उरलीसुरली टोकं चिकटवली. बाबांनी दुसरा फ्यूज घातला. दिवा लागला, पंखा फिरला. बटणांची पेटी बसवून पसारा आवरेपर्यंत आणखी दहा मिनिटं गेली, मग लिफ्टने एक आळस दिला आणि ती हळूहळू खाली निघाली.

दार उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तोच आवाज! तीस वर्षांनी! तो भान विसरला. समोर वॉचमन, पिशव्या घेतलेली माणसं, स्टुलावर बाई, आणि सगळ्यांच्या मागे नुकतेच आलेले साहेब, हे त्याने पाहिलं. पण कान भरून आले होते. बगलेत स्टँड, हातात दिवा, तोंडावर घामाने ओघळलेली पावडर, अशा अवतारात त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

मान वर केली तर एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. सगळे जिन्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होते. जिन्यावरून बाबा कठड्याला धरून खाली उतरत होते.

“अगदी त्या दिवशीसारखं!” बाई स्टुलावरून म्हणाल्या. “हेच ना ते वायरमन? अहो, आमच्या शाळेच्या कार्यक्रमात भर रंगात दिवे गेले. पोरांनी असा गोंधळ घातला, की विचारू नका. कोणाला काही सुचेना. हे शेजारीच कामाला होते, यांना बोलावलं, यांनी फ्यूज घातला, लख्ख उजेड पडला, आणि यांच्यासाठी जो टाळ्यांचा गजर झाला! अजून कानात आहे माझ्या.”

“बाई,” मेकॅनिकने विचारलं, “तेव्हा स्टेजवर कविता चालू होती ना?”

“असेलही कोणीतरी म्हणत, रे. अंधारात काय दिसतंय?”

साहेब पुढे आले. त्यांनी स्टँड पाहिला, दिवा पाहिला.

“हे काय आहे?”

“तपासणीचं साहित्य, साहेब.”

“आणि तोंडाला पावडर कसली?”

त्याने स्टँड या बगलेतून त्या बगलेत घेतला.

“सोमवारपासून गोदाम,” साहेब म्हणाले आणि बाईंना हात देऊन लिफ्टकडे नेऊ लागले. जाता जाता बाबांकडे वळून म्हणाले, “काका, तुमचं वय दहा वर्षांनी कमी असतं ना, तर आत्ता ठेवून घेतलं असतं.”

माणसं पांगली. बापलेक दोघेच उरले. त्याने बाबांकडे पाहिलं. म्हणजे तीस वर्षं यांना माहीत होतं. दर वेळी तो जेवताना त्या टाळ्यांची गोष्ट सांगे, पाहुण्यांना सांगे, लग्नात बायकोला सांगितली होती, आणि बाबा ताटाकडे बघत ऐकून घेत होते.

“बाबा,” तो म्हणाला, “टाळ्या तुमच्या, ते कळलं. पण तुम्ही दाराशीच होतात ना? शेवटचं कडवं तरी... बरं झालं होतं का?”

बाबांनी त्याच्या हातातला दिवा घेतला. वायरीची उघडी टोकं पाहिली. पिशवीतून टेप काढून ती नीट, घट्ट गुंडाळली, दाताने तोडली, वायरीची छान गुंडाळी केली आणि दिवा परत त्याच्या हातात दिला. खिशातून रुमाल काढून त्याच्या गालावरची पावडर पुसली. दारावरची ‘दुरुस्ती चालू आहे’ची पाटी काढून त्याच्या काखेत खोचली. मग पिशवी उचलली आणि बाहेर पडले.