गुंडेराव पेशकारांची मिसल

गुंडेराव पेशकारांनी एकदा एका बैलाची कैफियत लिहून घेतली होती. बैलानं बियाण्याच्या कणगीत तोंड घातलं होतं. आता बैलानं दाणे खाल्ले तर त्याला दोन शिव्या द्याव्यात, दावं आखडून बांधावं आणि विसरून जावं. पण गुंडेराव कागद, दौत आणि टाक घेऊन गोठ्यात हजर. बैलाच्या वतीनं गड्यानं सांगितलं, गुंडेरावांनी लिहिलं, आणि शेवटी निशाणी म्हणून बैलाचा पुढचा खूर शाईत टेकवायला लावला. बैलानं दौत उलथवली. गुंडेरावांनी समासात लिहिलं, "निशाणी देण्यास नकार."

हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण त्याच शेतावर विहिरीवरचं ऑइल इंजिन चालवायचं काम माझ्याकडं होतं. शेत कळंबच्या अलीकडं, मालक भाऊसाहेब. आपल्या शेतातल्या शाळूचं बी लोकांनी नाव घेऊन मागावं, ही भाऊसाहेबांची हौस. त्यासाठी माल दर साली एकसारखा उतरला पाहिजे, आणि तो तसा आहे हे कुणालाही दाखवता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी गुंडेरावांना आणलं. गुंडेराव निजामीत तहसील कचेरीत पेशकार होते. निजामी गेली, उर्दू दप्तर गुंडाळलं गेलं आणि त्याच्याबरोबर गुंडेरावही. पण अंगातली कचेरी काही गेली नाही. फाइलला ते मिसल म्हणत, फरकाला तफावत, आणि कुणी काही सांगायला गेलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जबानी नको. कैफियत द्या." म्हणजे तोंडी नको, लिहून द्या.

आल्या आल्या त्यांनी प्रत्येक कणगीची मिसल उघडली. राख किती घातली, लिंबाचा पाला कुणी घातला, दाण्याचा रंग, कीड, दाताखालचा आवाज, सगळ्याला रकाना. वासाच्या रकान्यात "निर्मळ", "किंचित कुबट" आणि "शंकास्पद" अशा तीन पायऱ्या होत्या. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चौथ्या दिवशी मोड मोजायचे आणि आकडा लिहायचा. इथवर ठीक होतं. पण चौथा दिवस उजाडेपर्यंत गुंडेरावांना दम निघत नसे. दिवसातून दहादा ते गोणपाट उलगडून बघत. "दाण्यांना जरा निवांत पडू द्या की," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्या इंजिनाचीही मिसल उघडली. त्यानंतर इंजिन किती वाजता खोकलं आणि का खोकलं, हे मला रोज लिहून द्यावं लागे.

त्यांच्या पायाला भिंगरी होती. खळ्यावरून कोठारात, कोठारातून गोठ्यात, तिथून परत कोठारात. जेवण उभ्यानं, तेही अर्धवट. तोंडात घास असताना एखादा आकडा नीट लिहिला का, हे आठवायचं आणि ताट तसंच राहायचं. त्यांच्या पायी आम्हालाही स्वस्थ बसवत नसे. इंजिनघरात मी त्यांची चाल करून दाखवायचो आणि गडी पोट धरून हसायचे.

कोठारावर सिद्राम नावाचा जुना गडी होता. आमच्याकडं खाण्याची ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात साठवत, आणि बियाणं कणगीत. पेवातला दाणा आतल्या उबेनं मरतो. भाकरी चांगली होते, पण पेरला तर उगवत नाही. पोत्यात भरल्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून बियाण्याच्या पोत्याला सिद्राम लाल चिंधी बांधायचा. ते गुंडेरावांना खपेना.

"चिंधीवर तारीख आहे? दस्तखत आहे?"

"न्हाय साहेब. पर लाल हाय की."

"लाल असणं म्हणजे पुरावा नव्हे."

चिंध्या सुटल्या, पोत्यांना चिठ्ठ्या शिवल्या गेल्या. बाहेर जाणाऱ्या मालाचा वेगळा कागद निघाला आणि त्यावर सिद्रामचा अंगठा घ्यायचं ठरलं. सिद्रामला अक्षरओळख नव्हती. कुठलं पोतं कुठं ठेवलं, हे लक्षात ठेवून तो काम भागवून न्यायचा.

अशी काही वर्षं गेली. एका वर्षी भादव्यात उघडीप मिळाली म्हणून एक पेव उघडलं आणि ज्वारीची पोती कोठारात आणून ठेवली. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला, छप्पर गळायला लागलं आणि घाईघाईनं सगळी पोती इकडची तिकडं झाली. नेमकी तेव्हाच सोनारीकडची एक गाडी बियाण्यासाठी आली. सिद्रामनं पोती काढून दिली आणि कागदावर अंगठा उठवला. गुंडेराव गळक्या छपराची मिसल लिहिण्यात गर्क होते. त्यांनी कागद तपासला, पोती तपासली नाहीत.

पुढं पेरण्या झाल्या आणि थोड्या दिवसांनी तो सोनारीकडचा शेतकरी परत आला. आवाज न चढवता म्हणाला, "भाऊसाहेब, निम्मं रान तसंच काळं हाय. तुमचं नाव ऐकून एवढ्या लांब आलो होतो."

भाऊसाहेबांना ते फार लागलं. "ज्याच्या हातून झालं असेल तो उद्यापासून शेतावर दिसणार न्हाई," ते म्हणाले.

गुंडेरावांनी उत्साहानं मिसलीची दोरी सोडली. इतकी वर्षं लिहिलेलं आज कामाला येणार होतं. घटकाभरात त्यांनी कागद शोधून काढला आणि कोठारात उरलेल्या पोत्यांच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला. पेवातली काही पोती बियाणं म्हणून गेली होती, आणि कागदाखाली सिद्रामचा अंगठा होता.

"सिद्राम, पोत्यावरची चिठ्ठी पाहिली नाहीस?"

"बगितली की साहेब," सिद्राम म्हणाला. "पर ती मला काय सांगनार?"

भाऊसाहेबांनी रागाच्या भरात सिद्रामला घरचा रस्ता दाखवला, तेव्हा गुंडेराव एवढंच म्हणाले, "मिसल अजून पुरी झालेली नाही." आणि उठून गेले.

दुपारभर ते कोठार ते विहीर फेऱ्या मारत होते. इंजिन दोनदा बंद पडलं, पण त्यांनी विचारलं नाही. मला ते बघवेना, म्हणून मी मागं मागं राहिलो. दिवस कलताना ते भाऊसाहेबांपुढं उभे राहिले आणि हातातला कागद वाचू लागले.

"बियाण्याच्या पोत्यांना चिंधी बांधण्याची सिद्रामची पद्धत होती. ती मी बंद केली. चिंधी त्याला वाचता येत होती, चिठ्ठी येत नव्हती. हे मला ठाऊक होतं, कारण त्याचा अंगठा मीच घेत होतो. तफावत माझी आहे. मला कामावरून दूर करावं."

"तुम्ही जाणार कुठं, पेशकारसाहेब?" भाऊसाहेबांनी विचारलं.

गुंडेरावांना इतक्या वर्षांत ना कधी पत्र आलं होतं, ना कुणी भेटायला आलं होतं. भाऊसाहेबांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "कुनी कुठं जाणार न्हाई. सोनारीला हरभऱ्याचं चांगलं बी पोचवा, रानात वल हाय तवर. आणि सिद्रामला सांगा, सकाळी कामावर ये."

गुंडेरावांच्या हातातला कागद घेऊन भाऊसाहेबांनी तो मिसलीत लावायला माझ्या हाती दिला. शेवटी एक ओळ लिहून खोडलेली होती. ती गुंडेरावांनी वाचून दाखवली नव्हती. खोडलं होतं, तरी अक्षर कचेरीतलं, स्वच्छ. "सिद्रामला काढू नये. त्याच्याशिवाय मला इथं जेवायला कुणी हाक मारत नाही."

मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं मी या माणसाच्या नकला केल्या आणि एकदाही त्याला जेवायला चला म्हटलं नाही. मिसल बांधून ठेवली आणि तडक त्यांच्या खोलीकडं गेलो. ते पायांत वहाणा सरकवत होते.

"पेशकारसाहेब, आज जेवायला माझ्याकडं चला," मी म्हणालो.

"सिद्राम दुपारी जातानाच बोलावून गेला," ते म्हणाले.