इनडिफॅटिगेबल सुतारपक्षी

एका जंगलात, मुलांनो, ठोकोबा नावाचा सुतारपक्षी होता. जंगलात ज्याला ढोली हवी, त्याने ठोकोबाला गाठावं. पोपटाची ढोली झाली, मैनेची झाली, घुबडाची तर ऐसपैस झाली. स्वतःची तेवढी राहिली होती. आणि बायको अंडी घालायला टेकली होती.

"अहो, अंडी काय फांदीवर ठेवू?" ती म्हणाली. "आजच्या आज रजा मागा."

ठोकोबा दरबारात गेला. "महाराज, मान अवघडलीय. चार दिवस सुटी मिळावी. घरचं काम आहे."

सिंहाने दिवाणाकडे पाहिलं. दिवाण कोल्हा. शहराच्या उकिरड्यावर शिकलेला, त्यामुळे इंग्रजी पक्कं. राजाच्या पाहुण्यांसाठी अजून कितीतरी ढोल्या कोरायच्या होत्या.

"सुटी कसली मागता?" कोल्हा हसून म्हणाला. "आम्ही तर तुमचा सत्कार करणार आहोत. तुम्ही इनडिफॅटिगेबल आहात!"

ठोकोबा घाबरला. "औषध असेल ना हो त्याच्यावर?"

"अहो, आजार नव्हे, पदवी आहे! जो कधीच थकत नाही, तो इनडिफॅटिगेबल."

"पण मी थकलोय."

"बघा, किती हा विनय!"

सत्कार झाला. शाल, नारळ, कोल्ह्याचं लांबलचक भाषण. ठोकोबालाही जरा गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला!

दुसऱ्या दिवसापासून जो तो हजर. "इनडिफॅटिगेबलराव, माझी ढोली जरा रुंद करता? तुम्हाला काय, तुम्ही थकत नाही!" कावळ्याला ढोली लागत नाही, पण तोही एक सांगून गेला.

"मी आता या शालीत अंडी घालू का?" बायकोने विचारलं.

ठोकोबा कामावर गेला. तिथे चोच मारता मारता मानेत अशी कळ आली, की जन्मात पहिल्यांदा तो ओरडला, "आई गं!"

टकटक थांबली. सगळं जंगल धावत आलं.

"अरे, हा तर थकतो!" मैना म्हणाली.

"इतके दिवस फसवलं की आपल्याला," घुबड म्हणालं.

कोल्ह्याने शाल काढून घेतली. नारळही मागितला, पण त्याची चटणी झाली होती.

ठोकोबाला आता कुणी काम सांगेना. त्याने कण्हत कण्हत आपली ढोली कोरली. अंडी वेळेवर आत गेली.

तिकडे कोल्ह्याने ती शाल मुंगीला पांघरली. शालीखाली सत्कारमूर्ती कुठे आहे, कुणालाच दिसेना. टाळ्या मात्र कडाडून झाल्या. मग ती शाल हळूहळू कामाच्या दिशेने सरकू लागली.

तात्पर्य: मुलांनो, खूप कष्ट करा, कष्टाला कधी लाजू नका. फक्त अधूनमधून, चारचौघांना ऐकू जाईल असं, कण्हत जा.