तड्यावर उतारा

आमच्या कार्यालयात आलेला कोणताही कागद समजल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मी सुरुवातीलाच अभिमानाने नमूद करतो. पूर्वी तसे नव्हते. पूर्वी साहेब लोक न वाचताच सह्या ठोकत, आणि एका साहेबांनी तर स्वतःच्याच बदलीच्या कागदावर 'सूचना उत्तम, तातडीने अंमल व्हावा' असा शेरा मारला. ते गेले ते गेलेच. त्यानंतर वरून परिपत्रक आले आणि शिक्षण खात्यात वाचन-आकलन विभाग उघडला गेला. त्या विभागात मी प्रश्न काढतो.

काम सोपे नाही, लोकांना वाटते तसे तर मुळीच नाही. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्यावर दहा प्रश्न काढतो. ज्या अधिकाऱ्याचा त्या कागदाशी संबंध असेल त्याने ते सोडवायचे. सात उत्तरे बरोबर आली की कागद समजला असे धरतात, त्यावर 'कळले' असा जांभळा शिक्का बसतो आणि कागद कपाटात जातो. "आणि कारवाई?" असे एका नव्या कारकुनाने मध्यंतरी विचारले होते. त्याला समज देण्यात आली. परिपत्रकात कारवाईचा उल्लेख नाही, आणि उताऱ्याबाहेरचे उत्तर लिहायचे नाही हा आमचा पहिला नियम आहे.

शाळांसाठी सरावपुस्तिकाही आम्हीच काढतो. तिला गोष्टी लागतात, कविता लागतात, माहितीपर उतारे लागतात. लेखक मंडळी वेळेवर लिहून देत नाहीत, आणि दिलेच तर ते आम्हाला समजत नाही. अर्ज मात्र रोज येतात. त्यामुळे चांगला अर्ज दिसला की मी तो पुस्तिकेसाठी बाजूला काढून ठेवतो.

चौथीच्या बाईंचा अर्ज असाच बाजूला पडला. माझी मुलगी त्यांच्याच वर्गात आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. अर्ज असा होता: 'चौथीच्या खोलीच्या छताला तडा गेला आहे. तो फळ्यापासून तिसऱ्या बाकापर्यंत आला आहे. त्यात पेन सहज जाते. वरच्या मजल्यावर कोणी चालले की माती पडते. माती जास्त पडू लागल्यास खोली ताबडतोब रिकामी करावी, असे गवंडी बघून सांगून गेला. खोलीत चाळीस मुले बसतात. कळावे.'

वाचून मी खूश झालो. ना रडगाणे, ना पाल्हाळ. माहितीपर उतारा म्हणून असा कागद वर्षातून एखादाच हाती लागतो. मी लगेच प्रश्न काढले. तडा कोठून कोठपर्यंत आला आहे? त्यात काय जाते? माती पडू लागल्यास काय करावे? 'ताबडतोब' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. इमारत अधिकाऱ्यांना दहापैकी नऊ गुण मिळाले. एकच उत्तर चुकले. खोलीत किती मुले बसतात, याचे उत्तर त्यांनी 'पुष्कळ' असे लिहिले होते.

महिन्याभराने बाई स्वतः आल्या. किरकोळ बांध्याच्या, हाताला खडू लागलेला, आणि बसा म्हटले तरी न बसणाऱ्या.

"माझ्या अर्जाचं काय झालं?"

"कळला," मी म्हणालो.

"मग?"

"तुम्हीच शेवटी लिहिलंय ना, कळावे. त्याप्रमाणे कळला. तुमची मागणी शंभर टक्के मान्य झालीये बाई, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं."

"अहो, पत्राच्या शेवटी तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत म्हणून लिहिलं तर पद्धतशीर मान्य होणारच. दुसरं काही हवं असेल तर ते लिहायचं."

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मला उगाचच गृहपाठ न केल्यासारखे वाटले. मग त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिले. रागात लिहिल्यामुळे ओळी आखूड आल्या:

'छत पडणार आहे.
आज नाही तर उद्या
पडणार आहे.
खाली मुलं आहेत.
कुणीतरी एकदा
वर बघा.'

शेवटी 'कळावे' हे त्यांनी मुद्दामच लिहिले नाही.

आता, ज्या मजकुराच्या उजवीकडे निम्म्याहून अधिक कागद कोरा राहतो ती कविता, अशी आमच्याकडे व्याख्या आहे. मी ती कविता विभागप्रमुखांपुढे ठेवली. त्यांना आम्ही पाठीमागे भावार्थसाहेब म्हणतो, कारण चहा गार झाला आहे असे सांगितले तरी ते त्याचा भावार्थ विचारतात. त्यांनी कविता दोनदा वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"काय लिहिलंय हो. छत म्हणजे आईवडिलांचं छत्र. ते एक ना एक दिवस जायचंच. आणि 'वर बघा' मध्ये कवयित्रीला परमेश्वर सुचवायचाय."

"साहेब, बाई छताबद्दल..."

"शब्दार्थात अडकू नका. कुठे बघायचं? आकाशाकडे. उत्तरसूचीत तसं लिहा."

मी तसे लिहिले. कविता पुस्तिकेत चांदण्यांच्या चित्राखाली छापून आली. 'कवयित्री कोठे बघायला सांगते?' या प्रश्नाचे उत्तर सगळ्या शाळांतल्या मुलांनी 'आकाशाकडे' असे लिहिले. फक्त एका खोलीतल्या चाळीसच्या चाळीस मुलांनी 'छताकडे' लिहिले आणि चाळीसही जणांचा गुण गेला. एकाच वर्गाने एकच चूक करावी हे गंभीर होते. चौथीच्या त्या वर्गाला विशेष सराव लावण्यात आला.

माझ्या मुलीचाही गुण गेला होता, त्यामुळे मला घरी तिला घेऊन बसावे लागले. प्रश्न काढणाऱ्याच्या घरात असा निकाल म्हणजे नामुष्कीच.

"बाबा, हा तडा आमच्याच वर्गातला आहे," ती पहिला उतारा वाचून म्हणाली. "मी त्याच्याखालीच बसते."

"उताऱ्यात शाळेचं नाव आहे का?"

"नाही."

"मग तो कुठल्याही शाळेतला असू शकतो. उताऱ्याबाहेरचं लिहायचं नाही, कितीदा सांगितलंय?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली. "अहो, पोरगी काय सांगतेय ते ऐका तरी."

"ऐकलं की. वाचन चांगलं आहे तिचं, फक्त अनुमान काढायची घाई करते."

"तुम्हाला सांगून उपयोग नाही," बायको म्हणाली. "तुम्हाला सगळं कळतं."

मी ही स्तुती समजलो.

इकडे बाईंनी भलतेच केले. मुलांना उचलून व्हरांड्यात नेले आणि तिथे सतरंजीवर वर्ग भरवू लागल्या. विशेष सराव नेमून दिलेल्या खोलीतच व्हायला हवा असा नियम असल्याने त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. खुलाशाची सुरुवात 'त्या दिवशी सकाळी' अशी होती, म्हणून तो गोष्टीत मोडला. गोष्टीत एक बाई होत्या, चाळीस मुले होती, वरून मूठभर माती पडत होती आणि सगळे जण बाहेर पळत होते. पुस्तिकेला एक गोष्ट कमीच पडत होती. तिचे तात्पर्य काढायचे काम माझ्याकडे आले. 'नेमून दिलेली जागा सोडू नये' असे मी काढले. ते आदेश म्हणूनही उपयोगी पडले आणि सराव चाचणीसाठी मुले पुन्हा खोलीत आली. निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली.

चाचणीला उतारा, कविता आणि गोष्ट अशी तिन्ही एकत्र दिली होती. निरीक्षकाची जागा दाराजवळ असते, तिथे मी उभा होतो. मुले खाली माना घालून लिहीत होती. अर्धा तास झाला तेव्हा वर कुणीतरी बाक सरकवले आणि पहिल्या तीन रांगांवर माती पडली. मुलांनी ती फुंकून कागदावरून उडवली आणि पुढे लिहिले. मी एक फेरी मारली. 'माती पडू लागल्यास काय करावे?' या प्रश्नावर सगळ्यांनी 'खोली ताबडतोब रिकामी करावी' असे लिहिले होते. शुद्धलेखनाच्या दोनच चुका. मला समाधान वाटले आणि मी परत दाराजवळ येऊन उभा राहिलो.

पुन्हा माती पडली, या वेळी खड्यांसकट.

"मुलांनो, उठा," बाई म्हणाल्या.

"बाई, अजून वीस मिनिटं बाकी आहेत," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे लक्ष दिले नाही. मुले एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग बाईंनी पहिल्या बाकावरच्या दोघींना दंडाला धरून उठवले आणि बाकीची मुले आपोआप मागून निघाली. कुणाची पट्टी राहिली, कुणाची चप्पल राहिली. खोली रिकामी झाली. तिसऱ्या बाकावर माझी मुलगी तेवढी बसून होती.

"बाबा, उठू का?"

मी मान लांब करून तिची उत्तरपत्रिका बघितली. "शेवटचा प्रश्न राहिलाय तुझा. तेवढा लिही आणि ये."

तिने मान खाली घातली आणि लिहू लागली. माझी मुलगी आज्ञाधारक आहे, सगळेच तिचे कौतुक करतात.

बाई धावत परत आत आल्या. त्यांनी तिला बाकावरून अक्षरशः ओढले. दोघी दारापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच फळ्यापासून तिसऱ्या बाकापर्यंतचे छत उताऱ्यात दिले होते तसे खाली आले. एक तुकडा मुलीच्या उजव्या हातावर बसला. बाईंच्या खांद्याला लागले. मला काही झाले नाही. मी दाराजवळ होतो.

दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. मला माझी लाज वाटली. हे वाक्य सरळ आहे, याला भावार्थ नाही. मुलगी औषधाच्या गुंगीत होती. मध्येच डोळे उघडून तिने विचारले, "बाबा, शेवटच्या प्रश्नाचे मार्क जातील का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि शाळेत जाऊन सगळ्या खोल्या बघितल्या. पाचवीच्या खोलीलाही तसाच तडा आहे. तो खिडकीपासून निघून चौथ्या बाकापर्यंत आला आहे, आणि खाली छत्तीस मुले अजूनही बसतात, कारण त्यांची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. घरी येऊन मी हे सगळे पहिल्यापासून लिहून काढले. माझेही काही झाकले नाही. कुणी कविता समजू नये म्हणून ओळी कागदाच्या कडेपर्यंत नेल्या. पाचवीच्या मुलांना आज बाहेर काढा, आजच, असे स्पष्ट लिहिले आणि कागद भावार्थसाहेबांच्या हातात दिला.

त्यांनी तो एका बैठकीत वाचून काढला.

"व्यंगकथा चांगली उतरलीये हो. तुमच्यात हे अंग आहे हे माहीत नव्हतं. आपल्याकडे हा प्रकार नव्हताच."

"साहेब, ती मुलं आत बसलीयेत."

"हो ना, ताण छान ठेवलाय. मुलांना उपरोधाची वाक्यं अधोरेखित करायला देऊ."

मी रजेवर असल्याने माझ्या जागी आलेल्या मदतनिसाने त्यावर दहा प्रश्न काढले. इमारत अधिकाऱ्यांना या खेपेला पैकीच्या पैकी मिळाले. कागदावर जांभळा शिक्का बसला, छापखान्यात जाण्याआधी हे शेवटचे एवढे मी त्याला जोडले, आणि तिथून फिरत फिरत तो कागद आता तुमच्या हातात आला आहे.

तुमचे आकलन चांगले आहे, यात मला शंका नाही. भावार्थसाहेबांना तुम्ही हसलात, इमारत अधिकाऱ्यांना हसलात, माझा तुम्हाला रागही आला असेल. पाचवीची छत्तीस मुले आत बसली आहेत हे वर स्वच्छ लिहिले होते, आणि तेही तुम्हाला कळले. तरी उठलात का? शेवट काय होतो तेवढे बघून घेऊ, म्हणून तुम्ही बसून राहिलात.